धरलेली जागा

साहिल, ती खुर्ची सोड. दुसरी घे. काहून ते मग सांगतो.

लाईट गेली म्हणजे हुडकेश्वरात ती दहाच्या आत येत नाही. आज आषाढातली अमावस्या, त्यात ही झड. तर पोट्टेहो, सरकून बसा. दामिनी, मोबाईलचा उजेड बंद कर वं, डोळ्यात जाऊन राहिला.

ही गोष्ट पुष्करची आहे. आपल्या गल्लीत आधी भाड्यानं राहे, मग धरमपेठेत मोठ्या लोकांत गेला, तो. ह्याच उन्हाळ्यात इथंच, ह्याच ओसरीत येऊन त्यानं मले सांगितली. सारी गोष्ट उभ्या उभ्या सांगितली. बस म्हटलं तरी बसला नाही.

झालं असं. दोन वर्षांआधी, श्रावणातला एक रविवार. सकाळपासून पाऊस. पुष्कर आपल्या आत्याले घ्यायले बसस्टँडवर गेला. ताराआत्या उमरेडची, हातमागावर बसणारी. ह्याची माय लहानपणीच गेली, तर आत्यानंच ह्याले तळहाताच्या फोडासारखं जपलं. हा नागपुरात कॉलेजले होता तेव्हा सोमवारच्या पहिल्या गाडीले मरणाची गर्दी. गाडी लागायच्या आत आत्या धावत जाऊन खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाके. करवती काठाच्या लुगड्यातला उरलेला तुकडा शिवून केला होता तो. रुमाल पडला की जागा धरली. मग कोण्या पैलवानाची टाप नव्हती तिथं बसायची! पुष्कर आरामात खिडकीशी बसे आणि आत्या खाली उभी राहून हात हलवे.

तिले शहरात सिनेमा दाखवायचं त्यानं कबूल केलं होतं. नेमकं त्याच रविवारी साहेबांनी ऑफिसच्या लोकांले एका कलाकेंद्रात बोलावलं. खाली चित्रं, वर लहानसं थेटर. पुष्करनं विचार केला, एका दगडात दोन पाखरं. आत्याले घेऊन तिथंच गेला.

आत्या ओल्या चपला हातात घेऊन त्या चकचकीत फरशीवर फिरून राहिली. एका चित्रासमोर थांबली आणि तिचा आवाज साऱ्या हॉलभर. "पुष्कर, हे तं नुसते ठिपके हाय गा! काढणाऱ्यानं बाकीचं काहून नाही काढलं?"

लोक वळून पाहू लागले. साहेबांच्या बायकोनं, वंदना मॅडमनं हसत विचारलं, "ह्या कोण?"

हा आपला ऑफिसातल्या शुद्ध भाषेत म्हणतो, "त्या... आमच्या गावाकडच्या आहेत. ओळखीच्या."

घरच्या आहेत म्हणायले काय जात होतं बाप्पा? पण नाही म्हटलं. आत्या मागंच उभी होती.

तरी ती सिनेमाले वर गेली. तिथं नंबर नाही, जो बसला त्याची सीट. आत्या धावत पहिल्या रांगेत गेली, कोपऱ्यातली सीट घेतली आणि बाजूच्या सीटवर रुमाल टाकला. मग उभी राहून हाका मारते, "पुष्कर! ये ना गा! तुही जागा धरली हाय!"

सारं थेटर हसलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतायत का त्या?"

"नाही हो. दुसऱ्या कोणाला तरी."

हे त्यानं जरा मोठ्यानंच म्हटलं. आत्यानं हात खाली घेतला... अंधार झाला.

मध्यंतरात पाह्यलं तर ती नव्हती. पुष्कर मले म्हणे, "काका, खरं सांगतो, मले बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं." हे सांगताना त्याची मान अशी खाली गेली होती, की मलेच त्याची लाज वाटली.

आत्या एकटीच परत गेली. गाडी भरलेली. जिनं जन्मभर दुसऱ्याची जागा धरली, ती ओल्या लुगड्यानं उमरेडपर्यंत उभ्यानं गेली. ताप आला. छातीत कफ भरला. आठवड्याच्या आत संपली. शेजारीण म्हणे, तापात एकच विचारत होती, रुमाल कुठं हाय? घरभर शोधला. सापडला नाही.

मागच्या वर्षी पुन्हा श्रावण, पुन्हा पाऊस, पुन्हा तेच थेटर. साहेबांले नाही म्हणता येत नाही. दुपारचा खेळ, पण आत रात्रच. गाडी लावता लावता ह्याले उशीर झाला. टॉर्चवाला म्हणाला, "साहेब, फुल्ल आहे. पुढं एक मिळते का पाहतो."

पहिली रांग. कोपरा.

सीटवर रुमाल होता. करवती काठाचा. चिंब ओला.

थेटरातली सीट माहीत आहे ना? माणूस उठला की आपोआप वर होते. त्या रुमालाच्या बाजूची, अगदी कोपऱ्यातली सीट... खाली होती. दाबलेली. तिच्यावर कोणीच नव्हतं.

वास आला. खळ दिलेल्या सुताचा. हातमागाजवळ येते तसा.

पुष्कर हलला नाही.

टॉर्चवाल्यानं विचारलं, "हा रुमाल तुमचा का?"

मागच्या रांगेतून साहेब पाहून राहिले होते. मॅडमही.

एक शब्द. हो म्हणायचं होतं. फक्त हो...

"नाही," पुष्कर म्हणाला. "माझा नाही."

आणि कोपऱ्यातली सीट हळू... हळू वर झाली.

खट्.

पुष्कर पळत बाहेर आला. पाठीमागं वळून पाह्यलं नाही.

मी त्याले म्हटलं, "अरे, आता तरी म्हण ना, ती माही आत्या होती. चारचौघात म्हण." तर म्हणे, "कोणाले म्हणू काका? जिनं ऐकायचं ती तं दोन्ही वेळा ऐकून गेली."

थेटरातल्या त्या दिवसापासून तो कुठं बसत नाही. बसमध्ये उभा, ऑफिसात उभा. त्याच्यासाठी कोणी खुर्ची पुढं केली की ती ओली होते, म्हणे. मी म्हटलं, तुह्या मनाचे खेळ. आणि हीच खुर्ची ओढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं खुर्चीकडं पाह्यलं, हात जोडले आणि निघून गेला.

तेव्हा उन्हाळा होता. मृगही लागला नव्हता. मी खुर्ची पुसली, गच्चीवर उन्हात टाकली, पुन्हा पुसली...

नको साहिल, हात नको लावू. ओलीच आहे. राहू दे तिले तशीच.

धरलेली आहे.