थँक्सगिव्हिंगपर्यंत ठरवू

"मला सू आली."

हे शब्द मागच्या सीटवरून आले तेव्हा हाक्काला आडनावाची रीका भरधाव घरी निघाली होती आणि गाडीत ती एकटी होती. निदान तिचा तसा समज होता.

तिनं आरशात पाहिलं. पार्सलांच्या खोक्यांमध्ये, तिच्याच लोकरी शालीत गुरफटलेलं तीनएक वर्षांचं पोरगं बसलं होतं. केस पिंजारलेले, गालावर सीटची शिवण उमटलेली.

रीकानं गाडी कडेला घेतली. घाईत दिव्याऐवजी काचेवरचे वायपर सुरू झाले.

"तू... तू कोण?"

"ओटिस," तो म्हणाला. "तू कोण?"

शहराचं पिण्याचं पाणी तपासणं हे रीकाचं काम. दोनदा पाहिल्याशिवाय ती एकही नमुना हातावेगळा करत नसे. आणि इथे एक अख्खा माणूस तिच्या गाडीत चढला, झोपला, उठला, आणि तिला पत्ता नाही! सुट्टी होती म्हणून ती पलीकडे अमेरिकेत जाऊन स्वस्तातली पार्सलं घेऊन आली होती. परतताना सीमा ओलांडल्यावर पहिल्याच पेट्रोल पंपावर क्षणभर थांबली होती. तिथे अगदी तिच्याच गाडीसारखी एक रुपेरी गाडी उभी होती. फरक एवढाच, की तिच्या टपावर गादी, दोन सायकली आणि खुर्च्या बांधलेल्या होत्या.

झाडाआड ओटिसचं काम उरकून तिनं गाडी उलटी वळवली ती थेट पंपावर.

रुपेरी गाडी तिथेच होती. एक उंच, उन्हानं रापलेला माणूस हातात तीन पेले सांभाळत दुकानातून बाहेर येत होता. शेजारी सातएक वर्षांची मुलगी रुसून चालत होती. ओटिसला कडेवर पाहून तो माणूस छान हसला.

"किती गोड आहे तुमचा मुलगा! आमच्या ओटिससारखाच दिसतो हुबेहूब."

"हा ओटिसच आहे," रीका म्हणाली.

"नाही हो. ओटिस गाडीत झोपलाय. मी खिडकीतून सारखा बघतोय ना त्याच्या—" तो थांबला. आपल्या गाडीत डोकावला. सीटवर गोधडी होती, उशी होती, आणि गोधडीत कुणी नव्हतं.

तिन्ही पेले खाली पडले. एक रीकाच्या बुटांवर.

"ही जूनी आतून संडासाचं दार उघडेना..." तो पुटपुटला. "मी त्या गोधडीवरून नजर काढली नव्हती. शपथ घेऊन सांगतो." मग त्यानं ओटिसला असं काही छातीशी धरलं की रीकाला दुसरीकडे पाहावं लागलं.

ओटिसला खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "तुम्ही पोलिसांना बोलावणार?"

"मूल माझ्या गाडीत सापडलंय. ते मलाच नेतील."

आपण विनोद केला हे लक्षात येऊन रीका दचकली. अनोळखी माणसांशी ती असं बोलत नसे. ओळखीच्यांशीही नाही.

"मी हॉलिस टार्व्हर," तो म्हणाला. "अमेरिकेच्या दक्षिणेकडून, उबदार जॉर्जियाहून आलोय, मुलांना घेऊन, तुमच्या थंडर बे शहरात राहायला. तिथल्या हॉस्पिटलात सोमवारपासून नोकरी." त्याचे कान लाल झाले. "लहान मुलांच्या वॉर्डात. नर्स म्हणून. हे... कृपा करून तिथे कुणाला सांगू नका."

*

हॉलिसनं घर भाड्यानं घेतलं ते नेमकं रीकाच्या गल्लीच्या वरच्या अंगाला. पहिल्याच आठवड्यात तो पीचच्या मुरंब्याची बरणी घेऊन दारात उभा राहिला.

"बुटांची भरपाई," तो म्हणाला.

"बूट धुतले मी."

"मग मुरंबा परत नेऊ?"

"नको," रीका म्हणाली आणि बरणी पाठीमागे लपवली.

तो भडाभडा बोलायचा. रस्त्यातल्या परक्या माणसालाही 'सर' आणि 'मॅम' म्हणायचा, कुत्र्यांची विचारपूस करायचा. मुलांची आई दुसरा संसार थाटून ॲरिझोनात राहते, हेही त्यानं न विचारता सांगितलं. रीका ऐकायची. संध्याकाळी चौघं सरोवराच्या काठी जात. समुद्रासारखं ते पाणी, वर उतरलेलं धुकं, आणि हॉलिसचा अखंड आवाज... तो गप्प झाला की तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं, आणि या गोष्टीचाच तिला मोठा धक्का बसला. शांततेची तिला केवढी हौस होती!

एका शनिवारी तिच्या वडिलांनी, आर्नेंनी, हॉलिसला सौनाला बोलावलं. हाक्काला घराण्यात शनिवारचा सौना चुकत नाही. तळ्याकाठची लाकडी खोली, आत तापलेले दगड, त्यांवर पाणी मारलं की उठणारी वाफ. बायका आधी, पुरुष नंतर. हॉलिस टॉवेल घट्ट गुंडाळून दाराशी आला, तेव्हा आर्नेंनी एवढंच विचारलं, "हा टॉवेल कशाला?"

तासाभरानं तो पायरीवर येऊन बसला. उकडलेल्या खेकड्यासारखा लाल, आणि दात वाजत होते.

"तुमच्या वडिलांनी मला आधी शिजवलं," तो म्हणाला, "आणि मग तळ्यात टाकलं. मला एवढंच सांगा, मी पास की नापास?"

"परत या म्हणाले का?"

"पुढच्या शनिवारी ये म्हणाले."

"मग तुम्ही त्यांना भलतेच आवडलात. एवढं लांब वाक्य ते आईशीही बोलत नाहीत."

"आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"मी तुम्हाला... किती लांब वाक्याएवढा आवडलो?"

रीकानं त्याच्या ओल्या डोक्यावर दुसरा टॉवेल टाकला. तोंड झाकलं गेलं, त्याचं. तिचं तसंच उघडं राहिलं, आणि ते आता त्याच्याइतकंच लाल झालं होतं.

त्यानंतर 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

सप्टेंबर सरत आला. बर्चची पानं पिवळी पडून पाण्यावर तरंगू लागली. मुलं खडे फेकत होती, आणि रीकानं इतके दिवस मनात घोळणारा प्रश्न एकदाचा विचारला.

"राहणार ना तुम्ही तिघं इथे?"

हॉलिस पाण्यावरच्या पानांकडे बघत म्हणाला, "माझी आई तिकडे एकटी आहे. जुन्या हॉस्पिटलानं माझी जागा अजून भरलेली नाही. मी आईला सांगितलंय... थँक्सगिव्हिंगपर्यंत ठरवू."

"असं."

"आणि ऐक ना. त्या दिवशी माझ्याकडेच जेवायला या. तुझ्या आईबाबांना घेऊन. टर्की भाजतो, सगळं साग्रसंगीत."

"काय आणू?"

"तू ये म्हणजे झालं."

रीकानं मनातल्या मनात हिशेब केला. थँक्सगिव्हिंग पुढच्याच्या पुढच्या सोमवारी. एवढ्यात कळणार होतं तर. तिनं एक खडा उचलला आणि पाण्यात न टाकता खिशात ठेवून दिला.

त्या दोन आठवड्यांत हॉलिसनं सणाचा विषय पुन्हा काढला नाही. याचा अर्थ रीकानं प्रयोगशाळेत उभ्याउभ्या शंभर प्रकारे लावून पाहिला. बरा अर्थ एकही निघाला नाही.

*

सोमवारी दुपारी हाक्काला कुटुंब टेकडी चढून आलं. पावसात बर्फाचे कण मिसळले होते. पाहुणे म्हणून बोलावलेलं असलं तरी रिकाम्या हातानं जायचं म्हणजे रीकाच्या आईच्या, मारितच्या, अंगावर काटा येई. "एकटा बाप बिचारा, दोन मुलं सांभाळून टर्की काय भाजणार!" म्हणत तिनं पहाटेच स्वतःची टर्की भट्टीत घातली होती. ती आता आर्नेंच्या हातात होती. मारितकडे भाजलेलं सलगम आणि बटाटे. रीकाकडे भोपळ्याचं गोड.

दार उघडलं. हॉलिस भोकं पडलेल्या गंजीत उभा होता, हातात कात्री. मागे जूनी खुर्चीवर बसली होती, गळ्याभोवती चादर, आणि अर्धे केस कापलेले. ओटिसच्या अंगावर चड्डीही नव्हती.

मारितनं दारावरचा नंबर पुन्हा पाहिला.

"रीका," मारित हळूच म्हणाली, "आपण चुकीच्या घरी आलो का गं?"

"हे... काय आहे?" हॉलिसनं टर्कीकडे पाहत विचारलं.

"थँक्सगिव्हिंग," रीका म्हणाली.

"ऑक्टोबरात?"

"मग कधी?"

"नोव्हेंबरच्या शेवटी! गुरुवारी! अख्ख्या जगात..." त्याचा आवाज बारीक झाला. "...अख्ख्या जगात नसतं का तेव्हा?"

"इथे, सीमेच्या अलीकडे, आजच असतं. म्हणून तर सुट्टी आहे."

"मला वाटलं कोलंबसची सुट्टी! आमच्याकडे आजच असते ती!" त्यानं फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदी टर्कीकडे कात्री रोखली. "जूनीनं शाळेतून ती आणली तेव्हा मी म्हटलं, बाईंना तयारीची फार घाई दिसते."

"मी सांगत होते तुला," जूनी चादरीतून म्हणाली. "तू ऐकत नाहीस. तू फक्त बोलतोस."

आर्नेंनी बूट काढले, मोज्यांवर आत गेले आणि टर्की ओट्यावर ठेवली. मग ओटिसकडे एकवार पाहून त्याची चड्डी शोधायला लागले.

रीका मात्र बाहेरच्या खोलीतच खिळून राहिली. भिंतीला लागून खोकी रचलेली होती. एकावर एक, जॉर्जियाहून आली तशीच, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. नांदायला आलेला माणूस खोकी उघडतो. हा तर चार ताटं आणि एक कढई बाहेर काढून दिवस काढत होता.

हॉलिस तिच्या मागे स्वयंपाकघरातून आला. अंगात आता सदरा होता, बटणं चुकीची लागलेली.

"मला लाज वाटतेय," तो म्हणाला. "फ्रिजमध्ये दूध आणि मोहरीची बाटली आहे फक्त."

"तू ठरवलंस," ती म्हणाली.

"काय?"

"परत जायचं. थँक्सगिव्हिंगपर्यंत ठरवणार होतास. आज थँक्सगिव्हिंग आहे. आणि खोकी बंद आहेत."

त्याचा चेहरा पाहून तिला पंपावरची दुपार आठवावी, इतका तो पांढरा पडला.

"रीका, मला वाटत होतं माझ्याकडे अजून सहा आठवडे आहेत."

"सहा आठवड्यांत काय होणार होतं?"

"धीर गोळा करणार होतो."

"कसला धीर? तू तर कुत्र्यांशीही बोलतोस."

"कुत्रा नाही म्हणत नाही ना!" तो कळवळून म्हणाला. "मी रोज एक खोकं ओढतो, कात्री घेतो, आणि मनात येतं... उघडलं आणि रीका नाही म्हणाली तर? पुन्हा भरायचं बळ नाही माझ्यात. मुलांना तर आधीच तुझा लळा लागलाय. म्हणून ठरवलं होतं, नोव्हेंबरात, टर्कीबिर्की झाल्यावर, सगळे जेवून सुस्तावले की... तुला विचारायचं."

"काय विचारायचं?"

तो सदऱ्याची चुकीची बटणं चाचपू लागला. बोलक्या माणसाचे शब्द अगदी ऐनवेळी संपले होते. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाजही थांबला होता. म्हणजे मारित ऐकत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी रीका मेल्याहून मेली असती.

"पाण्याचा नमुना घेतला की त्याच दिवशी तपासतात," ती म्हणाली. "ठेवून दिला की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. सहा आठवडे... सहा आठवडे कुणी ठेवत नाही, हॉलिस."

"मग?"

"मग विचार. नाहीतर राहू दे, मीच सांगते. राहा. मुलांसाठी नाही, नोकरीसाठी नाही... माझ्यासाठी राहा. मला तू फार आवडतोस. तू बोलायचा थांबलास की मला घर रिकामं वाटतं, आणि ते घर तुझं नाही, माझं असतं."

आयुष्यात एका दमात ती एवढं कधीच बोलली नव्हती. आत काहीतरी खळकन फुटलं. बहुतेक सलगमाचं भांडं.

हॉलिसनं तिचा हात धरला. मग दुसरा. मग कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. त्याच्या सदऱ्यावर जूनीचे कापलेले केस होते, आणि ते तिच्या नाकात जात होते. तिला शिंक आली. तरी ती हलली नाही.

"हो," तो म्हणाला. "हो, मॅम."

*

टेबल नव्हतं, म्हणून आर्नेंनी बिजागऱ्यांतून एक दार काढून खोक्यांवर आडवं टाकलं. सगळे खोक्यांवरच बसले. जूनीचे उरलेले केस मारितनं कापले, आणि सलगमातून काचा निवडत बसण्यापेक्षा ते सरळ टाकून दिलं.

टर्की कापून झाल्यावर हॉलिसनं फोन लावला आणि मोहरीच्या बाटलीला टेकवून उभा केला. पडद्यावर त्याची आई, लोरेटा, दिसू लागली.

"ममा, हॅपी थँक्सगिव्हिंग!"

"आज?" लोरेटा डोळे बारीक करून म्हणाली. "अरे, ऑक्टोबर आहे. ताप आलाय का तुला?"

"इथे आजच असतं. आणि ममा... ठरवून सांगीन म्हणालो होतो ना. आम्ही राहतोय."

लोरेटाचं हसू तिथल्या तिथे विरलं. तीही त्या सहा आठवड्यांवर भिस्त ठेवून बसली होती, हे रीकाला स्पष्ट दिसलं. आपल्या आनंदाची किंमत दुसरंच कुणी देतंय, हे समोर पाहून तिनं उचललेला घास ताटात परत ठेवला.

"शेजारी बसलीय तीच का?" लोरेटानं विचारलं.

"हो."

"पुढे ये गं. बघू."

रीका पुढे सरकली. ऐकून घ्यायची तयारी ठेवून.

"फार बोलतो तो," लोरेटा म्हणाली.

"हो, मॅम."

"लहानपणापासून. मी एकटीच ऐकत आलेय." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता तू ऐकणार?"

"मला आवडतं ऐकायला."

लोरेटा नाक ओढून म्हणाली, "नोव्हेंबरात मी येते. खऱ्या थँक्सगिव्हिंगला. टर्की माझ्या हातची. आवडलं तर राहीनही महिनाभर... थंडी किती असते गं तिकडे?"

दाराभोवतीचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मारितनं बटाटे वाढायला घेतले. हॉलिस छताकडे बघू लागला. रीकानं तोंड उघडलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं ते पुन्हा मिटलं.

सकाळपासून अवाक्षर न काढलेले आर्ने फोनकडे वाकले.

"फार नाही," ते म्हणाले. "जॉर्जियासारखीच."

रीका थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. बाबांना खोटं बोलताना ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती.