तोतया चिमणी

त्याची तक्रार माझ्या वाट्याची नव्हतीच. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई आजारी पडली, तिचं काम माझ्याकडे आलं... त्यात तो आला.

आमच्या कंपनीच्या ऑनलाइन खेळात, चॅटमध्ये कुणीतरी ‘मी कंपनीतून बोलतोय’ म्हणत त्याचा पासवर्ड काढून घेतला होता. मग त्याचंच नाव लावून परगावच्या ताईलाही गंडवलं. बहीणभावांनी खेळात वर्षभर लावलेली बाग एका दुपारीत उजाड.

“तुमची कंपनी आहे त्याच शहरात, चौकातल्या माझ्या दुकानात मी चष्मे बनवतो,” त्याने लिहिलं. “लोकांना दिसावं म्हणून. आणि मलाच दिसलं नाही! हसा तुम्ही.”

“हसले. पुढे?”

“ताई आता आधी विचारते, तूच ना रे? सख्खी बहीण हो...”

बाहेर आभाळ राखेचं. काचेवर धुकं, कपात निवलेला चहा. मी एकेक झाड शोधून परत लावत होते. कामावरचं माझं नाव चिमणी.

“चिमणीबाई, जेवलात?”

“तक्रारीपुरतं बोला.”

“तक्रारीपुरतंच आहे. उपाशी माणूस झाडं वाकडी लावतो.”

मी गालात हसायची. आमचं बोलणं वाचणारे साहेब नुसतेच खाकरायचे.

त्याला एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. नियम मीच लिहिलेला होता. “आमचं माणूस खेळात आपणहून कधीच बोलत नाही. बोललं, तर तोतया समजा.”

“तुम्ही असलात तरी?”

“मी असले तरी.”

बाग उभी राहिली. तक्रार मिटली, तक्रार मिटली की बोलणंही मिटतं.

“म्हणजे तुमच्याशी बोलायला पुन्हा फसायला हवं?” त्याने जाता जाता विचारलं. मी छापील आभार पाठवले.

अकरा दिवस गेले. घास उतरेना, काम सुचेना. बाराव्या संध्याकाळी घरून, खेळातल्या माझ्या स्वतःच्या खात्यावरून, मी त्याच्या बागेच्या कुंपणाशी गेले.

“मी चिमणी. काम काही नाही. तुम्ही... आवडता मला.”

त्याने कुंपणाचं फाटक लावून घेतलं.

सकाळी पहिलीच तक्रार त्याची. “चिमणीबाई, काल कुणीतरी तुमचं नाव घेऊन आली. अगदी तुमच्यासारखी बोलत होती. उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तुमचं ऐकलं. खातं बंद करा. आणि... ती खरी असती, तर मी हो म्हटलं असतं.”

समोर दोन बटणं: ‘तोतया’ आणि ‘खरी व्यक्ती’. दुसरं दाबलं की तो माझा. पण मग उद्या कुंपणाशी येणारी प्रत्येक गोडबोली त्याला चिमणीच वाटेल. पुन्हा बाग जाईल, पुन्हा ताई दुरावेल.

मी ‘तोतया’ दाबलं. माझं खातं विझलं.

मग त्याला लिहिलं, “बंद केलं. नियम मोडून आली, म्हणून ती तोतयाच. पुढेही असंच वागा. पण ती जे बोलली ना... ते खरं आहे.”

तक्रारीत असं बोलायची मुभा नाही, हे ठाऊक होतं. साहेब सगळं वाचतात. दुपारी जवळ आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“पोरी, उद्यापासून या टेबलावर नको बसू. वरच्या मजल्यावर बघू काहीतरी.”

“हो, साहेब.”

“आता हे मिटव.”

मिटवायला हात नेला, तेवढ्यात त्याचं उत्तर उमटलं.

“दुकान सातला बंद होतं. आज... उघडं ठेवतो.”