खुंटीवरचा पट्टा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यावर हे गुजरलं तो तिबो माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून हे सांगून गेलाय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

भुतं रात्री बारालाच येतात असं वाटतं ना तुम्हाला?

हे सुरू झालं ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी साडेतीन वाजता. फ्रान्समधल्या बर्गंडीतला आमचा कालवा. काठाने सपाट, सरळसोट सायकलवाट. मोटारींना बंदी, त्यामुळे लोक लेकरंबाळं घेऊन निर्धास्त जातात.

तिबो घरांची छपरं घालतो. हात कसबी, पण घड्याळाशी कायमचं वाकडं. त्याची बायको सेव्हरीन दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली. मुलगी आपोलीन, चार वर्षांची, आठवड्यातले दोन दिवस बापाकडे असते. मागच्या खेपेला त्याने तिला दोन तास उशिरा पोचवलं होतं, तेव्हा सेव्हरीनने दारातच सुनावलं, "सहा म्हणजे सहा. पुन्हा उशीर केलास तर ही तुझ्या त्या डबड्यात बसणार नाही. कोर्टात जाईन मी, तिबो. गंमत करत नाहीये."

डबडं म्हणजे सायकलच्या मागे जोडायचा ट्रेलर. दोन चाकं, वर कापडी टप, आत मुलासाठी सीट.

म्हणून त्या दिवशी तो लवकर निघाला. सेव्हरीन पुलावर मुलीला घ्यायला येणार होती. दहा किलोमीटर जायचं आणि हातात अडीच तास. रमतगमत गेला तरी पोचला असता.

पण वाटेतल्या बंद जलद्वारापाशी ट्रेलरच्या जोडणीची खिटी तुटली.

आमच्या कालव्यावर दर काही किलोमीटरवर असं जलद्वार आहे. नावा वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायला मोठे लाकडी दरवाजे, आणि शेजारी रखवालदाराचं घर. या घरात कित्येक वर्षांत कुणी राहिलेलं नाही. खिडक्यांना फळ्या ठोकल्यात.

तिबोने दोरी शोधली, तार शोधली. काहीच मिळालं नाही. मग त्याला दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी खुंटी दिसली. खुंटीवर रुंद चामडी पट्टा लटकत होता. छातीला आडवा लावतात तसला.

त्याने हात लावला... पट्टा मऊ होता. कालच तेल चोळल्यासारखा.

"बाबा, तो कुणाचा आहे?" आपोलीनने आतून विचारलं.

"कुणाचा नाही."

"विचारलंस का?"

"कुणाला विचारू? भिंतीला?" तो हसला, आणि पोरीला हसवायला घराकडे तोंड करून म्हणाला, "घेतो हं साहेब. उद्या आणून देतो."

पट्टा खुंटीवरून निघाला.

आणि बंद घराच्या आत... खुर्ची करकरली. कुणीतरी फार दमून खाली बसावं तशी. मग एक लांब सुस्कारा.

तिबो थबकला. उंदीर असेल, लाकूड फुगलं असेल, असं मनाला समजावून त्याने पट्ट्याने ट्रेलर सायकलला घट्ट बांधला आणि निघाला.

पहिले दोनशे मीटर ठीक गेले. मग सायकल जड झाली.

त्याला वाटलं, ब्रेक घासतोय. उतरून बघितलं, चाक हाताने गरगर फिरत होतं. हवा भरपूर होती. आपोलीन पाव आणि चॉकलेट खात बसली होती. तिचं वजन सोळा किलो, आणि वाट तर टेबलासारखी सपाट.

पुन्हा निघाला. आता पेडल मारायला उभं राहावं लागत होतं.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की पाणकोंबड्यांचा आवाज थांबलाय. वाऱ्याचाही.

ऐकू येत होतं फक्त पाणी... चुळूक, चुळूक. एखादा मोठा पडाव, म्हणजे मालवाहू होडी, पाणी कापत येतो तसं. त्याने वळून पाहिलं. कालवा मोकळा होता. होडी नाही, बदकही नाही. पण मागून एक लाट त्यांच्याबरोबर सरकत होती, आणि दोन्ही काठांवर पाणी आपटत होतं.

तो थांबला. लाटही मंदावली.

मग त्याने गवताकडे पाहिलं. ट्रेलरपासून पाण्यापर्यंत गवत एका तिरक्या रेषेत दबलं होतं. वर ताणलेला दोर असावा तसं.

दोर नव्हता.

आणि ट्रेलर हळूच मागे सरकला. पाण्याच्या दिशेने.

तिबोने उडी मारून हँडल धरलं. टाचा मातीत रोवल्या. जीव खाऊन ओढलं तेव्हा कुठे ट्रेलर थांबला. पुढे ओढत राहिलं तर वाटेवर राही. जरा हात ढिला सोडला की काठाकडे.

त्याला सगळं एकदम कळलं. एक हात जरी सोडला तरी मुलगी पाण्यात. चाकू ट्रेलरच्या मागच्या पिशवीत. फोन आपोलीनच्या मांडीवर.

"आपोलीन, बाळा, बेल्ट काढ. बाहेर ये."

"निघत नाही."

निघणार कसा? मुलांना उघडता येऊ नये असाच बेल्ट त्याने मुद्दाम पारखून घेतला होता. "मग फोन लाव. आईला लाव."

"लागत नाही बाबा. नुसतं पाणी वाजतंय."

त्याने मदतीला हाका मारल्या. कालव्यावर उतरू लागलेल्या धुक्याने त्या गिळल्या. उन्हाळ्यात या वाटेवर रांग लागते सायकलवाल्यांची. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं.

मग तो ओढू लागला. सायकलवरून उतरून, हँडलला छाती लावून, पाऊल पाऊल. पुढचं जलद्वार चार किलोमीटरवर. एरवी पंधरा मिनिटांची वाट.

"बाबा, ती बाई चिडलीय."

"कोण बाई?"

"होडीवरची. ती म्हणते, तू फार हळू ओढतोस."

त्याने मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

"काय... काय म्हणते आणखी?"

"म्हणते, थांबलास तर मला घेऊन जाईल." आणि मग रडवेल्या आवाजात, "मला नाही जायचं, बाबा. तिच्या होडीत कुणीच हसत नाहीये."

तिबो सांगत होता की त्यानंतरचं त्याला धड आठवत नाही. तळहात फुटले. बूट चिखलात राहिला. दिवस मावळायला लागला. तो दमून मंदावला की मागून बाईच्या आवाजात एकच शब्द यायचा, पाण्याच्या अगदी जवळून.

ओढ.

पावणेसहाला दुसऱ्या जलद्वाराचा दिवा दिसला. तिथे रेमाँद राहायची. रखवालदाराची विधवा, वय चौऱ्याऐंशी, जन्म पडावावरचा. जीभ अशी की पोस्टमनसुद्धा पत्र टाकून पळायचा. गुडघे पार गेलेले, दहा मिनिटं उभं राहवत नसे, म्हणून तिची खुर्ची कायम दारात.

तिने तिबोला वाकून ओढताना पाहिलं. मग काठावरचं दबलेलं गवत पाहिलं. आणि काठी टेकत उठली.

"कुठल्या खुंटीवरचा?" एवढंच विचारलं.

"बंद घराच्या... मादाम, मुलीला काढा, बेल्ट..."

"नाही निघायचा. गाठ सुटल्याशिवाय काही सुटणार नाही." ती ट्रेलरपाशी आली. "गाढव आहेस. छपरं शिकलास, एवढं शिकला नाहीस? पूर्वी माणसं ओढायची पडाव. बायकासुद्धा. माझ्या आईने ओढलेत. जो दमेल तो आपला पट्टा खुंटीला लावायचा आणि तिथेच उभा राहायचा. दुसऱ्या कुणी पट्टा काढला की पाळी त्याची. मगच पहिल्याने बसायचं."

"मला नव्हतं माहीत. कापून टाका तो."

"कापलास तर पोरीसकट जाईल."

"मग तुमच्या खुंटीला लावतो."

"माझी खुंटी मी नवरा गेला त्याच दिवशी उपटून पाण्यात टाकली. कुणी चुकूनही हात लावू नये म्हणून." "आता एकच उरलीय. जिथून आणलास ती. जातोस परत चार किलोमीटर? पाय बघ तुझे."

ट्रेलर वीतभर मागे सरकला. आपोलीन किंचाळली.

रेमाँदने काठी टाकून दिली.

"सरक."

"मादाम, तुम्हाला नाही..."

"तुझ्यासाठी नाही, शहाण्या. पोरीसाठी."

दोन तास न सुटलेली गाठ तिच्या बोटांनी एका झटक्यात सुटली. तिने पट्टा डोक्यातून छातीवर घेतला. ट्रेलर इतका हलका झाला की तिबो तोंडावर आपटला. उठून त्याने बेल्ट उघडला, मुलीला छातीशी धरलं आणि रडला.

रेमाँद वळली होती. पुढे झुकून, बंद घराच्या दिशेने.

"आले गं," ती पाण्याकडे बघून करवादली. "ओरडू नकोस. मी काही त्याच्यासारखी लेचीपेची नाही."

ती चालू लागली. काठीशिवाय. तिच्यामागे लाट निघाली.

तिबो मुलीला घेऊन पळाला. हो, पळाला. ते तो स्वतःच सांगतो, कुणी विचारायच्या आधी. पुलावर पोचला तेव्हा सहा वीस झाले होते. सेव्हरीनने त्याचे फुटलेले हात पाहिले, एक बूट पाहिला, आणि मुलीला घेतलं. महिन्याभरात कोर्टाचा कागद आला. तो भांडला नाही. "तिचं बरोबर आहे," मला म्हणाला. "माझ्यामागे बसवण्यात धोकाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तिबो रेमाँदकडे गेलो. दार उघडं होतं. शेगडीवर सूप आटून करपलं होतं. काठी वाटेवर पडलेली.

तिथून चार किलोमीटर गवताची एक रेषा दबलेली होती. आम्ही तिच्या कडेकडेने गेलो. बंद घरापाशी ती संपली.

पट्टा खुंटीवर होता. ओला.

पोलिसांनी आमच्यासमोर फळ्या काढून घर पाहिलं आणि फळ्या परत ठोकल्या. आत एक खुर्ची होती, बाकी धूळ. जानेवारीत दुरुस्तीसाठी कालवा रिकामा करतात, तेव्हा गाळही तपासला. तीन सायकली निघाल्या, एक कपाट निघालं. रेमाँद नाही.

ट्रेलर माझ्या दुकानात पडून आहे. तिबोने विकायला दिलाय. मी विकत नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवाच्या रविवारी मी एकटीच तिकडे गेले होते. पट्टा अजून तिथेच आहे. कुणीतरी काढून जाळायला हवा, असं गावात सगळेच म्हणतात. पण जाळायचा तर आधी खुंटीवरून काढावा लागेल, आणि तो काढायला कुणी तयार नाही.

मी भिंतीपाशी उभी होते. सगळं शांत होतं. आणि मग फळ्यांच्या आतून ऐकू आलं...

लाकडी जमिनीवर पाय घासल्याचा आवाज. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होतं. पुन्हा. आणि पुन्हा.

त्या घरात खुर्ची आहे, मी पाहिलीय. पण पट्टा कुणी काढेपर्यंत बसायचं नसतं. आणि तिला तर दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं. आता पाच महिने होत आले.

मी भानावर आले तेव्हा माझा हात वर गेला होता. बोटं पट्ट्याला टेकली होती.

मी हात मागे घेतला आणि घरी आले. तेव्हापासून मला बसवत नाही. खुर्चीत बसले की तिचे गुडघे आठवतात.

एप्रिलमध्ये सायकलवाले यायला लागतील. ट्रेलर जोडून, मुलं बसवून. कुणाची तरी खिटी तुटेलच.