दोन घरचा बोका

"दोन घरचा पाहुणा उपाशी, लक्ष ठेव," असं आई फोनवर म्हणाली होती. मी हसले होते. आमचा पाहुणा आणि उपाशी? मुकादम, म्हणजे आमचा बोका, आधी माझ्याकडे जेवायचा, मग वरच्या मजल्यावर पुन्हा जेवायचा आणि पोट सांभाळत जिना उतरायचा.

वर कवळीवाले राहायचे. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणं हे त्यांचं काम. नखांत कायम प्लॅस्टरची पांढरी भुकटी. पहिल्यांदा भेटले ते जिन्यातच — बोका काखेत घेऊन.

"हा तुमचा?"

"माझा."

"अरेरे... माझाही."

मग म्हणाले, तोंडाला वास येतोय याच्या, दाढ किडली असणार, म्हणून चावायला कडक बिस्किटं देतो मी. बोक्याच्या तोंडाला अत्तराचा वास येत नसतो, असं मी ऐकवलं. ते मान खाली घालून हसले. ही त्यांची सवय आहे, हे मला त्याच दिवशी कळलं — आणि कळलं हे मी स्वतःपासूनही लपवलं. माझी लेक चिमणी पोटात असतानाच तिचे बाबा गेले होते. असल्या गोष्टी लक्षात ठेवायला माझ्या मनात जागाच उरली नाही... असं मी धरून चालले होते.

चिमणीचा श्वास, कपाळ, ओलं दुपटं, सगळ्यावर माझी नजर असायची. बोक्याचं तेवढं राहून गेलं.

एका दुपारी मुकादम त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये बसला तो उठेचना. जोर करत होता, पण थेंब नाही. मग त्यानं असा आवाज काढला की चिमणी रडायला लागली. एकीला कडेवर, एकाला टोपलीत घेऊन मी वर धावले. कवळीवाल्यांनी काही न विचारता पायांत चपला अडकवल्या आणि चिमणीसाठी हात पुढे केले. ती कुणाकडे म्हणून जात नाही. त्यांच्याकडे गेली.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं. लघवी अडली होती. आणखी उशीर झाला असता तर हातचा गेला असता, म्हणाल्या. पाणी कुठं पितो हा?

"वर," मी म्हणाले.

"खाली," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडची पाण्याची वाटी भरलेलीच राहायची; मला वाटायचं, वरून पिऊन आला. त्यांनाही तसंच वाटायचं. उपाशी नव्हता तो... तहानलेला होता.

नळी घालून लघवी मोकळी केली. जरा सावरल्यावर किडलेल्या दाढा काढल्या. उरलेल्या दातांसाठी कवळीवाल्यांनी बिस्किटांची बाजू मांडून पाहिली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण कोरडं खाणं नकोच म्हणाल्या. लघवीच्या त्रासासाठी मिळतं ते ओलं खाणं, त्यात वर आणखी पाणी कालवून. दात बोटाला फडकं गुंडाळून रोज पुसायचे. आणि जेवण एकाच घरी, म्हणजे पोटात काय गेलं, बाहेर काय आलं, हे एकाला तरी नीट ठाऊक राहील.

परतताना ते म्हणाले, "तुमच्याकडेच राहू दे त्याला." आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

मुकादम त्या दारासमोर ठाण मांडून बसला. खाण्याला तोंड लावेना. मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर जातं, असं बाईंनी बजावलं होतं. वाटी घेऊन मीही पायरीवर बसले... शेवटी कडी वाजवली.

"तुमच्याशिवाय जेवण जात नाही," मी बोलून गेले आणि कान तापले. "त्याला."

मग ते रोज संध्याकाळी खाली येऊ लागले. मी खाणं कोमट पाण्यात कालवायची, ते फडक्यानं दात पुसायचे आणि चिमणीही आ करून शेजारी बसायची.

असंच एकदा हात धुताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात?"

आईला वाटतं, सासूबाई माझी चौकशी करत असतील. सासूबाईंना वाटतं, आई करत असेल. हे मला हसत हसत सांगायचं होतं... जमलं नाही.

नळ तसाच वाहत राहिला.

"मलाही वाटायचं, तुम्हाला विचारणारं कुणीतरी असेलच," ते हळूच म्हणाले. "मी रोज विचारलं तर... चालेल?"

"रोज म्हणजे किती दिवस?"

"दात पडेपर्यंत."

"मुकादमाचे?"

"आपले." मान खाली गेली. "पुढच्या कवळ्या माझ्याकडे लागल्या."

मी नळ बंद केला आणि फडताळातून दोन ताटं काढली.

मुकादम आता एकाच घरचा आहे. आम्हीही.

तुमच्या जिन्यातही असेल कुणीतरी, ज्याचं दुसरं कुणी बघत असेल असं समजून तुम्ही दारावरून पुढं जाता. त्या दुसऱ्यालाही तसंच वाटत असेल. आज जाता जाता तेवढी कडी वाजवा. पाणी प्यायलात का, इतकंच विचारा... आणि उत्तर येईपर्यंत थांबा.