आठ पोर्टांचं कार्ड

दापोडीत इकबालभाईंचं जुन्या कॉम्प्युटर पार्टचं दुकान आहे. तिथल्या एका खोक्यात हात घातला आणि मला हवं ते आठ पोर्टांचं कार्ड सापडलं. ओढलं, तर येईना. दुसऱ्या बाजूने एका मुलीने ते धरलं होतं.

"सोडा," मी म्हणालो.

"तुम्ही सोडा. मी आधी पाहिलं."

"घरी याचा काही उपयोग नाही हो."

"आणि तुमच्या घरी आहे?"

"घरी नाही. भोसरीला, शॉपवर. आमच्या सगळ्या लेथना एकाच कॉम्प्युटरवरून प्रोग्राम जातो, तो या कार्डातून. आमचं कार्ड कधी जळेल सांगता येत नाही, म्हणून..."

तिने कार्ड सोडलं नाही, पण ओढायची थांबली. "कॉम्प्युटरवर सिस्टिम कुठली?"

मी नाव सांगितलं. जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली, फुकट मिळणारी ती सिस्टिम. या भागात माझ्याशिवाय ती कुणी वापरत असेल असं मला वाटत नव्हतं.

"या कार्डाचा ड्रायव्हर आहे ना त्यात," ती म्हणाली, "त्याचं मॅन्युअलचं पान मी लिहिलंय."

"ते तुम्ही लिहिलंय?" माझा आवाज जरा चढला. "चूक आहे त्यात! बारका स्विच वर ठेवा म्हणता. तो खाली लागतो. माझी अख्खी शिफ्ट गेली त्यात."

ती लालबुंद झाली. "मी कार्ड कधी बघितलंच नव्हतं. नुसता कोड वाचून लिहिलं. म्हणून तर शोधत होते..."

"दोघांत घ्या राव," इकबालभाई गल्ल्यावरून म्हणाले. "नाहीतर मधोमध कापून देतो."

आम्ही दोघांत घेतलं.

तिचं नाव दिव्या. पुढे ती माझी बायको झाली, आणि आता ती नाही. आजारपण, दवाखाना, ते मला लिहायचं नाही. हे सगळं त्याच्या आधीचं आहे.

कार्ड माझ्याकडे राहिलं आणि ती दर शनिवारी दिघीहून स्कूटरवर यायला लागली. तिच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी, आमचं शॉप मात्र चालू. जेवणाच्या सुट्टीत लेथ थांबायचे तेवढ्या वेळात आम्ही ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तपासायचो. हेल्मेट काढलं की तिच्या कपाळावर त्याच्या पट्टीची खूण उमटलेली असायची. ती पुसट होईपर्यंत मी तिच्याकडे बघत असे, आणि तिने वर पाहिलं की स्क्रीनकडे.

आमचे मालक अर्जुनराव एकदा मला म्हणाले, "गणराज, शनिवारी शर्टाला इस्त्री कशी काय रे?"

"धुतला होता."

"बाकीचे दिवस धुवत नाहीस व्हय?"

कोड लिहायला तिनेच शिकवलं. माझी पहिली दुरुस्ती तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, "यावर मशीन चालेल. वाचणारा माणूस मात्र रडेल." मी पुन्हा लिहिली. तिने पुन्हा परत केली. असं किती वेळा, मोजलं नाही. परत आली की मला बरंच वाटायचं.

ही सिस्टिम बांधणाऱ्या लोकांची एक रीत आहे. कुणीही आपला बदल परस्पर आत ढकलत नाही. पाठवायचा, आणि दुसऱ्या कुणीतरी वाचून 'ओके' म्हणेपर्यंत थांबायचं. तिचे बदल मी बघायचो, माझे ती. आता माझे बदल कुणी परदेशातला भला माणूस बघतो. लगेच ओके देतो. चहा करायला उठलो तर येईपर्यंत उत्तर आलेलं असतं.

एका शनिवारी ती म्हणाली, "पानाच्या शेवटी दोष लिहायचे असतात. काय चालत नाही, कुठे अडतं, सगळं. लपवायचं नाही. बोला, तुमचे काय दोष?"

"माझे की ड्रायव्हरचे?"

"ड्रायव्हरचे मला पाठ आहेत."

मी विचार केला. "मला... वेळेवर बोलता येत नाही."

"हे काय नवीन सांगितलंत!" ती हसली. मग हसणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात भोंगा झाला आणि लेथ सुरू झाले. त्या आवाजात कुणालाच काही बोलता आलं नसतं.

दिवाळीनंतर अर्जुनरावांनी नवीन मशीनं घेतली. त्यांना प्रोग्राम सरळ नेटवर्कच्या वायरवरून जायचा. जुने लेथ चाकणचा एक भंगारवाला ट्रकमध्ये भरून घेऊन गेला. आमच्या कार्डाला आता जोडायला काही उरलं नाही. मी दिव्याला फोनवर तसं सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी तिची मेल आली. हे कार्ड वापरणारं आता कुणी दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर आणि त्याचं पान दोन्ही काढून टाकावं. खाली एकच ओळ — गणराज, ओके?

बरोबरच होतं ते. न चालणाऱ्या गोष्टीचं पान ठेवणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं, हे तिनेच मला शिकवलं होतं. पण ओके दिलं की शनिवार संपणार होता. 'एक लेथ अजून चालू आहे' असं लिहायला घेतलं आणि खोडलं. तिच्याशी खोटं बोलवेना. खरंही लिहवेना.

मी उत्तरच दिलं नाही. शनिवार आला, ती आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाबाहेर उभा राहायचो. स्कूटरचा आवाज आला की मान वळायची... दुसरंच कुणी.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मी वायरिंगचं राहिलेलं काम करायला एकटाच शॉपवर आलो होतो. दार वाजलं. ती होती. ऑफिस बुडवून आली होती.

"मेल मिळाली नाही का?"

"मिळाली."

"मग उत्तर?"

मी पक्कड खाली ठेवली. परत उचलली. "ओके दिलं तर... तुम्ही यायच्या बंद व्हाल."

तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी रोज मेल उघडून बघत होते. ओके आलंय का. आलेलं नसलं की इतकं बरं वाटायचं... तुम्ही पटकन दिलं असतं ना, तर मला कळलं असतं की तुमचं काम फक्त कार्डाशी होतं."

"कार्डाशी नव्हतं," मी म्हणालो. "कधीच नव्हतं. त्या दुकानातसुद्धा..."

"बोला ना. थांबलात का?"

"मला तू हवी आहेस. दर शनिवारी नाही. रोज."

तिने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. डोळे पुसत म्हणाली, "आता ओके दे. चुकीचं पान राहायला नको."

मी दिलं. तिने बटण दाबलं आणि तिचं ते पान गेलं.

"आता मला इथे काहीही काम नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

लाइट गेली होती, पंखा बंद होता. पत्रे तापले होते, दोघांना घाम फुटला होता. कुणीच उठलं नाही.