चुन्याच्या रेघेपलीकडे

धान्याची टोपली उचलली आणि जानकीबाईंचा हात तिथेच थबकला. टोपलीखाली, झोपडीच्या सारवलेल्या जमिनीवर, एक उंदीर मरून पडला होता. पाय आखडलेले, तोंडाशी रक्ताचा एवढासा ठिपका.

बाहेर फाल्गुनातली सकाळ उजाडत होती. प्लेग आला म्हणून देवास गाव रिकामे करून दरबारने सगळ्यांना टेकडीखालच्या माळावर झोपड्यांत आणून बसवले होते, त्याला महिना होत आला होता. शेजारच्या चुलींचा धूर वर चढत होता, कुणी नळकांडीने निखारे फुंकत होते, कुणाचे पोर किरकिरत होते... आणि जानकीबाईंच्या आलवणाच्या पदराला बांधलेल्या गाठीत कचेरीचा एक पास होता, आजच्या तारखेचा. त्यावर त्यांचे नाव होते आणि त्याखाली नीलकंठाचे. आठ दिवस वाट पाहून आज त्यांना त्यांचा नीलू परत मिळायचा होता!

नीलकंठ हा त्यांचा धाकटा दीर श्रीपादराव यांचा मुलगा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. श्रीपादरावांनी त्याला वहिनीच्या ओटीत घातले आणि स्वतः धारला नोकरीवर निघून गेले, ते सहा वर्षांत फिरकले नाहीत. पोर जानकीबाईंना माई म्हणत वाढले. ती हाक ऐकली की त्यांच्या काळजात ममता दाटून यायची, आणि तिच्याच पाठोपाठ काहीतरी थंडगार सरपटत जायचे. ते काय, हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते.

आता या अकरा वर्षांच्या पोरावर खटला होता. गाव सोडताना घाई इतकी झाली की देव देवघरातच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी शिपायांनी दाराला कुलूप घालून लाखेचे सील ठोकले. सील तोडणे हा गुन्हा. पण रोज तिन्हीसांजेला झोपडीत बसून जानकीबाई पुटपुटायच्या, 'आज देवापुढं दिवा नाही लागला गं बाई...' आणि ते शब्द ऐकणारे दोन कान झोपडीतच आहेत हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. एका संध्याकाळी नीलू तेलाची कुपी घेऊन गावात शिरला. ओसाड आळीत एकाच घरात दिवा मिणमिणताना पाहून गस्तीचे शिपाई आधी स्वतःच घाबरले म्हणे! आत पाहतात तो देवापुढे समई आणि समईपुढे हात जोडून बसलेला पोरगा. का आलास, असे किती विचारले तरी त्याने माईचे नाव घेतले नाही.

मुलांच्या खटल्यांसाठी प्लेगात वेगळे नियम केले होते आणि ते दवंडी पिटून सांगितले होते. खटला बंद कचेरीत चालणार नाही, माळावरच्या मोठ्या चिंचेखाली चालेल. मुलाचे डोके सफाचट करून, कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालून, उकळलेला पांढरा पंचा नेसवून त्याला उभे करतील. बरोबर एकच वडीलधारे माणूस येईल आणि तेही दहा हातांवर, चुन्याच्या रेघेअलीकडे उभे राहील. त्या माणसाने हमी दिली तर मुलाला समज देऊन सोडतील. कुणीच आले नाही तर वेताच्या बारा छड्या आणि सहा महिने तुरुंगाची कोठडी. येणाऱ्याच्या घरी दहा दिवसांत ताप नसावा, उंदीर पडलेला नसावा. पुरुषांची काख-जांघ डॉक्टर तपासत. घरंदाज बायकांच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही, त्यांनी तुळशीचे पान हातात घेऊन शपथ वाहिली की झाले. घरंदाजपणाला प्लेगही मान देतो, अशी दरबारची समजूत असावी!

खटल्याचे कळताच श्रीपादराव धारहून आले होते. नाक्यावर अलग राहण्याचे दिवस भरून कालच त्यांनी वहिनींची गाठ घेतली, आणि नजर जमिनीकडे ठेवून सांगितले की पोराला असे वळण लागले, आता ते इथे नको. पास तुमच्या नावाचा आहे, तुम्ही उभ्या राहिलात तर मी मध्ये पडणार नाही. पण तुम्ही पास माझ्या हाती दिलात आणि मला उभे राहावे लागले तर तिथूनच त्याला धारला घेऊन जाईन, कायमचा. एवढे बोलून ते वळले होते. जानकीबाईंना रात्रभर डोळा लागला नव्हता, पण मनात आनंदच होता... पास तर त्यांच्याच पदराला होता.

आणि आता हा उंदीर!

त्यांनी दाराकडे पाहिले. कुणी नव्हते. चुलीशेजारी राखेचे घमेले होते. दोन काटक्यांत धरून त्यांनी तो उंदीर उचलला, घमेल्यात टाकला, वर राख लोटली. हात असे सराईतपणे चालले की स्वतःचीच त्यांना शिसारी आली. कारण हे सगळे या हातांनी एकदा केले होते.

सहा वर्षांपूर्वीचा माघ. त्यांच्या बापूची मुंज. मांडव पडलेला, पाहुणे उतरलेले, आणि पहाटे दळायला बसल्या तर जात्यामागे उंदीर मरून पडलेला! सांगितले असते तर घर तासाभरात रिकामे करावे लागले असते, मुहूर्त टळला असता, एकुलत्या एका मुलाची मुंज अपशकुनाने मोडली असती. त्यांनी उंदीर राखेत घातला. दारावर अधिकारी विचारायला आला, तेव्हा तुळशीचे पान हातात घेऊन 'नाही' म्हणाल्या. नवऱ्याचा, मोरोपंतांचा, गावात मान; त्यांच्या कुटुंबाच्या शब्दावर कोण शंका घेणार! मुंज थाटात झाली. मातृभोजनाला बापू त्यांच्या पानात जेवला, तुळतुळीत डोक्याचा, पांढऱ्या पंच्यातला... आणि सहाव्या दिवशी त्याच वेशात गेला. त्याच्या उशाशी बसून सेवा करणारी धाकटी जाऊ सगुणा, म्हणजे नीलूची आई, दोन दिवसांनी गेली. मग मोरोपंत गेले. जानकीबाई तेवढ्या राहिल्या. त्या घरात पुन्हा कुणाची मुंज झाली नाही, नीलूचीही नाही.

घमेले हातात घेऊन त्या उभ्या होत्या. परसात नेऊन पुरायचे, हात धुवायचे, पान हातात घ्यायचे... नीलू घरी येईल. येईल आणि आज रात्री याच जमिनीवर, याच टोपलीशेजारी झोपेल.

त्यांनी घमेले खाली ठेवले आणि दारात येऊन छावणीच्या चौकीदाराला, फत्तेसिंगला हाक मारली.

फत्तेसिंग आला, राखेतली शेपटी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. म्हातारा माणूस, नीलूला खांद्यावर घेऊन फिरलेला. आवाज खाली आणून आपल्या माळवीत म्हणाला, "माँसाब, आज तो छोरा की पेसी हे. कोई ने देख्यो नी... म्हने भी नी देख्यो."

"सहा वर्षांपूर्वीही कुणी पाहिला नव्हता, फत्तेसिंग," जानकीबाई म्हणाल्या. "तू चुना टाक. आणि श्रीपादरावांना बोलावून आण."

झोपडीभोवती चुन्याची रेघ पडली. श्रीपादराव आले ते रेघेबाहेर उभे राहिले. जानकीबाईंनी पदराची गाठ सोडली. फत्तेसिंगने पास चिमट्यात धरून कडुनिंबाच्या धुरावर फिरवला आणि पलीकडे दिला. कागद हातातून सुटताना त्यांना वाटले, पोरच सुटले. पण जे बोलायचे होते ते याहून अवघड होते.

"भावोजी, एक ऐका. बापूच्या मुंजीच्या दिवशी पहाटे आमच्या जात्यामागं उंदीर पडला होता. मी तो लपवला आणि हातात तुळस घेऊन खोटं बोलले. तुमची सगुणा माझ्यामुळं गेली. नीलू माझ्यामुळं पोरका झाला, आणि मी त्याची माई म्हणून मिरवले."

श्रीपादरावांची बोटे पासावर आवळली गेली. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "नीलूला काय सांगू?"

"सांगा की माईला यायचं नव्हतं. म्हणजे मागं वळून पाहणार नाही तो."

ते गेले. झोपडी जाळली गेली आणि जानकीबाईंना दहा दिवसांसाठी माळाच्या दूरच्या टोकाला, कुंपणाआडच्या अलग झोपडीत नेले. लोक त्याला कारंटीन म्हणत. दुपारी फत्तेसिंगने लांबून ओरडून सांगितले की पोरगा सुटला, वडिलांनी हमी दिली. जानकीबाईंनी हात जोडले. म्हणजे आता तो धारच्या वाटेला लागला असेल... पाणी पिऊन घे बाळा, असे म्हणायला बरोबर कुणी असेल का? त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांना पाणी आले नाही. आतले सगळे आटूनच गेले होते.

आणि त्याच संध्याकाळी तो आला.

कुंपणापलीकडे दीडदोनशे पावलांवर चुन्याची बाहेरची रेघ होती. दिवस मावळताना माळावर शेणकुटांचा आणि निंबाचा धूर पसरे, त्यात जानकीबाईंची नजर आधीच अधू. त्या धुरात, रेघेला लागून, एक मुलगा बसला होता. तुळतुळीत डोके. अंगाला पांढरा पंचा. मांडी घालून बसला होता आणि सावकाश, घास घास करून जेवत होता.

जानकीबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. बापू...! सहा वर्षांनी तो आपले मातृभोजन पुन्हा जेवायला आला होता.

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्याही. ऊन कलले की त्या दारात येऊन बसायच्या, भीतीने जीव गोळा व्हायचा आणि तरी नजर त्या रेघेवरून हलायची नाही. आणि एखाद्या संध्याकाळी यायला त्याला उशीर झाला तर भीतीपेक्षा ती वाटच असह्य व्हायची. तो कधी हाक मारत नसे. फक्त त्यांच्याकडे तोंड करून जेवत असे आणि अंधार पडायच्या आत उठून जात असे. फत्तेसिंग रोज पाणी आणून ठेवी. त्याला विचारावे असे कितीदा ओठांवर आले. पण विचारले आणि तो 'वहाँ तो कोई नी हे' म्हणाला तर? त्यांनी विचारले नाही. मनातल्या मनात मात्र त्या रोज बोलायच्या, बाळा, मी सांगितलं रे, अखेर सांगितलं मी... तुझ्यासाठी उशीर झाला, तुझ्या काकूसाठी उशीर झाला, पण यावेळी नाही लपवलं.

दहावा दिवस संपला. संध्याकाळी फत्तेसिंगने कुंपणाचे फाटक उघडले आणि नियमाप्रमाणे तुळशीचे पान पुढे केले. ताप? उंदीर?

"नाही," जानकीबाई म्हणाल्या. ते पान तळहातावर घेऊन खरे बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

समोर धूर होता आणि धुरात तो बसलेला होता. छावणीची वाट डावीकडून जात होती. जानकीबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग त्या सरळ त्याच्याकडेच चालू लागल्या. आता कुणासाठी परतायचे होते? तो नेईल तिथे जायचे. त्या रेघेपाशी पोचल्या.

"बापू," त्या म्हणाल्या, "चल, मी आले."

मुलाने मान वर केली. डोक्यावर केसांचे बारीक खुंट उगवले होते. कानाशी लहानपणी पडल्याची ती खूण होती.

"माई, मी नीलू आहे," तो म्हणाला. "कचेरीत डोकं सफाचट केलं ना माझं, म्हणून तू चुकलीस. मी रोज येत होतो. बाबांनी सांगितलं उंदीर पडला म्हणून तू अडकलीस. फत्तेसिंग भैया म्हणाला रेघेच्या आत नको जाऊ, तर मी इथंच जेवत होतो. तू दिसत होतीस ना!"

जानकीबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी त्याचे डोके दोन्ही हातांत धरले; ते ऊन होते, जिवंत होते. आणि मग दहा दिवस, की सहा वर्षे, न आलेले सगळे पाणी डोळ्यांवाटे वाहू लागले. पोर गोंधळून त्यांच्याच पदराने त्यांचे तोंड पुसत राहिले.

श्रीपादराव मागे बाभळीखाली उभे होते. ते जवळ आले तेव्हा जानकीबाईंनी मान खाली घातली. तुम्ही याला नेले कसे नाही, असे त्यांनी विचारले.

"तो हलेना. आणि मीही खोटं सांगितलं नाही त्याला." श्रीपादरावांनी नजर वर केली. "वहिनी, तो उंदीर मला ठाऊक होता. सगुणेनं पाहिला होता. तुम्ही राखेत घालत होतात तेव्हा ती दारात उभी होती... तीही गप्प बसली, मांडव मोडायला तिचंही मन होईना. जाताना मला म्हणाली, जाऊबाईंचा बापू गेला, आपला नीलू त्यांच्या ओटीत घाला, आणि त्यांना कधी काही विचारू नका. मी तिचं ऐकलं. पण तुमच्या तोंडाकडं पाहणं मला जमेना, म्हणून धारला गेलो. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून सहा वर्षं वाट पाहिली."

सगुणेने पाहिले होते! सारे पाहून, जाणून, त्या साध्वीने मरताना आपले लेकरू या हातांत दिले होते... आणि या सहा वर्षांत सगुणेच्या ज्या सावलीला जानकीबाई भीत होत्या, ती त्यांच्यावर रागावलेली कधी नव्हतीच. कृतज्ञता म्हणावी की वेदना, त्यांना कळेना. त्यांना फक्त सगुणेचे पाय धरायचे होते आणि ते पाय आता कुठेच नव्हते.

उद्या घराचे सील निघणार होते. श्रीपादरावांनी गाडी सांगून ठेवली होती. देव घ्यायचे आणि तिघांनी धारला जायचे, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. याची मुंज राहिली आहे, ती तिथे करू, म्हणाले. मातृभोजन तुमच्या पानात होईल. जानकीबाईंनी आपल्या आलवणाकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. विधवेच्या पानात मातृभोजन, लोक काय म्हणतील?

"सगुणा नको म्हणाली असती का?" श्रीपादरावांनी विचारले.

नीलू केव्हाचा ऐकत होता, पण त्याचे अर्धे लक्ष फडक्यातल्या भाकरीवर होते. आज तिला त्याने हात लावला नव्हता. माई सुटणार म्हणून तो जेवायचा थांबला होता. त्याने भाकरी मोडून अर्धी माईपुढे ठेवली.

"घे ना, माई," तो म्हणाला. "भूक लागली मला."

जानकीबाईंनी ती अर्धी भाकरी परत त्याच्याच फडक्यात ठेवली आणि त्याच्याबरोबर एकाच फडक्यात जेवायला बसल्या.