खिडक्या बंद ठेवा

ग्युसोक मिरानच्या आयुष्यात आला तो वरून. आधी खळ लावलेला ओला कागद आला, आणि त्याच्यामागोमाग फळीवरून घसरलेला तो.

दोघं जमिनीवर, डोक्यावर लांबच लांब कागद, आणि आत पिठाच्या खळीचा आंबूस वास. मिरानने डोळे उघडले तर नाकासमोर नेकटाय लोंबत होता.

"माफ करा... लागलं नाही ना कुठे?"

"लागलं नाही. चिकटलं."

बाहेर वर्गातली वीस माणसं पोट धरून हसत होती. कागदाखाली मात्र तो हसला नाही. तिच्या भुवईवरचा खळीचा गोळा त्याने बोटाने हळूच पुसला, आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाला. मिरानने ते कान पाहिले. पुढचं सगळं, खरं सांगायचं तर, त्या कानांपासून सुरू झालं.

साल अठ्ठ्याण्णव. दक्षिण कोरियातल्या इंचॉनमध्ये त्या शरदात गल्लीगल्लीत कोणी ना कोणी नोकरी जाऊन घरी बसलेलं होतं. आदल्या हिवाळ्यात लोक देशाचं कर्ज फिटावं म्हणून अंगावरचं सोनं देऊन आले होते. आता नोकऱ्याही देऊन बसले होते. सरकारने फुकट वर्ग काढले — केस कापा, फरश्या बसवा, भिंतींना कागद लावा. जिथे जागा मिळाली तिथे माणसं शिरली. पदं गेली होती, पण हाक जुनीच मारायची अशी वर्गात न बोलता ठरलेली रीत होती. कोणी "मॅनेजरसाहेब", कोणी "इंजिनियरसाहेब". ती हाक काढून घेणं म्हणजे थंडीत कोणाच्या अंगातला कोट काढून घेण्यासारखं झालं असतं.

ग्युसोक एका जहाज कंपनीत उपविभागप्रमुख होता. नेकटाय का, असं विचारलं तर म्हणायचा, "सात वर्षांची सवय आहे हो. सोडली तर मान हलते." मिरान आठ वर्षं एका मोठ्या दुकानात भेटवस्तूंना कागद गुंडाळायची. लोकांनी भेटी देणं बंद केलं आणि तिचं टेबल उचललं गेलं.

शिकवणाऱ्या छुनवोल मावशी चौसष्ट वर्षांच्या. आयुष्यात शाळा पाहिली नव्हती. कागदाखाली अस्तर म्हणून जुनी वर्तमानपत्रं लावता लावता चाळिशीनंतर अक्षरं ओळखायला शिकल्या. त्यांनी मिरानची बोटं पाहिली, ग्युसोकची उंची पाहिली आणि निकाल दिला.

"तू वर, ती खाली. तू छत धर, ती कोपरे करेल. आणि साहेब, तो गळफास काढ."

पहिल्या आठवड्यात ग्युसोकने एक भिंत अगदी देखणी लावली. गारठा होता, म्हणून जाताना त्याने जमिनीखालून खोली तापवणारी ऊब चालू केली, आणि मोकळी हवा लागावी म्हणून खिडकीही उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळे चहा पीत असताना फाट्‌ करून असा आवाज झाला की इंजिनियरसाहेब टेबलाखाली गेले. भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत फाटला होता.

"कागद ओला असताना ऐकतो," मावशी म्हणाल्या. "घाईने वाळवलास तर ढोलासारखा ताणतो आणि तोंडावर फुटतो. दोन दिवस खिडक्या बंद, ऊब बंद, तोंड बंद. लिहून घ्या."

मिरानने वहीत लिहून घेतलं. ग्युसोकने तिच्या वहीतून बघून लिहिलं.

"परीक्षेतही असंच करायचात का?" तिने विचारलं.

"नाही. तेव्हा शेजारी बघण्यासारखं कोणी नसायचं."

मिरानने वही मिटली, पण फार घट्ट नाही.

वर्ग संपला आणि दोघं कामाला लागले. कोपऱ्याकोपऱ्यातली छोटी घरं मिळायची. दुपारी भिंतीला टेकून पिठाच्या गोळ्यांचं गरम कालवण खायचे. "भिंतीलाही पीठ, आपल्यालाही पीठ," मिरान म्हणायची, "फक्त आपल्याला मीठ जास्त." ग्युसोक आपल्या वाटीतला बटाटा गुपचूप तिच्या वाटीत टाकायचा. तिला दिसायचं. तीही गुपचूप खायची.

या धंद्यात बहुतेक जोड्या नवराबायकोच्याच. त्यामुळे प्रत्येक घरी कोणीतरी विचारायचंच, "किती वर्षं झाली लग्नाला?"

"नाही हो," मिरान घाईघाईने सांगायची, "आम्ही फक्त कागद लावतो."

फळीवर ग्युसोकचं काम चालूच राहायचं. फक्त कुंचा जरा जोरात फिरायचा.

एकदा जुन्या घरातला कागद खरवडताना भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं — 'आज ती भांडली नाही. मला करमलं नाही.' खाली तारीख, तीस वर्षांपूर्वीची. मावशींना सांगितल्यावर त्या हसल्या.

"लावणारे लिहितात असं. तोंडाने बोलवत नाही ते. वर कागद बसला की संपलं, भिंत चुगली करत नाही."

नोव्हेंबरात त्यांना टेकडीवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. नव्या जोडप्याचं घर. मुलीची आई, ठेंगणी आणि बोलकी बाई, सामान येण्याचा दिवस पक्का करून बसली होती. येत्या रविवारी म्हणे भुतं गावात नसतात, त्या दिवशी घर बदललं की मागे काही लागत नाही. बुधवारी कागद लागलाच पाहिजे.

त्याच बुधवारी सकाळी, कागद मापाने कापता कापता ग्युसोक म्हणाला, "मला बोलावणं आलंय."

"कुठून?"

"कंपनीतून. नवे मालक आलेत. जुनी जागा, जुनं पद. फक्त बुसानला. सोमवारी हजर व्हायचं."

मिरानच्या हातातलं कटर जागीच थांबलं. बुसान म्हणजे देशाचं दुसरं टोक.

"तुमच्या आई काय म्हणाल्या?"

"रडली. मग शेजारणीला सांगून आली."

"अभिनंदन!" मिरान म्हणाली. इतक्या मोठ्याने, की रिकाम्या घरात तो शब्द दोनदा ऐकू आला. "खरंच. फार छान झालं!"

ग्युसोकने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "आभारी आहे," तो म्हणाला, आणि फळीवर चढला.

दिवसभर दोघं कामापुरतंच बोलले. वर घ्या. खाली सोडा. जरा डावीकडे... बस. संध्याकाळी एकच भिंत उरली, खिडकीशेजारची. ग्युसोक खळीची बादली धुवायला गेला, तेव्हा मिरानने कानामागची पेन्सिल काढली. आठ वर्षं तिने दुसऱ्यांच्या भेटी झाकल्या होत्या. आत काय आहे ते तिला कधी कळलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिने आत स्वतःचं काही ठेवलं. तो परत आला तेव्हा तिने कागदाचं खालचं टोक भिंतीला लावूनही टाकलं होतं.

"थांबला नाहीत माझ्यासाठी?"

"अंधार पडतोय."

"गाल लाल झालेत."

"चढ-उतर करून."

"चढलो तर मी होतो."

तिने कुंचा त्याच्या हातात कोंबला. वरची बाजू त्याने बसवली, कोपरा तिने दुमडला. भिंत अशी सपाट झाली की नजर घसरावी.

"तुम्ही उतरा खाली," ग्युसोक म्हणाला, "खिडक्या मी बघतो."

शुक्रवारी सकाळी मिरानचा पेजर वाजला. फोन केला तर मुलीच्या आईचा आवाज टिपेला पोचला होता. "अहो, खिडकीशेजारची भिंत फाटली! रविवारी जावई यायचाय!"

मिरान टेकडी अर्धी धावत, अर्धी स्वतःला शिव्या देत चढली. कोपरा चुकला का? खळ पातळ झाली? की... त्या भिंतीखाली काय होतं ते आठवलं आणि उरलेली टेकडीही ती धावतच चढली.

ग्युसोक आधीच आला होता. भिंतीसमोर मांडी घालून बसला होता, शेजारी कागदाची नवी गुंडाळी आणि कालवलेल्या खळीची बादली. नेकटाय नव्हता. फाटलेला कागद केळ्याच्या सालीसारखा दोन्हीकडे लोंबत होता, आणि मधे तिचं अक्षर —

'अभिनंदन म्हणाले ते खोटं होतं. — मिरान'

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून भिंत पाहिली, खिडकी पाहिली. खिडकीच्या खाचेत वाळलेलं एक पान अडकलं होतं. बंद खिडकीत पान कुठून येणार?

"खिडकी उघडी ठेवली होतीत!"

"दोन बोटं. फक्त दोन."

"आणि ऊब?"

"तीही... थोडी."

"लाज नाही वाटत? मावशींनी एवढं शिकवलं! लोकांचं घर आहे! माझा कोपरा होता तो!"

"कोपरा शाबूत आहे. मी बघितला." ग्युसोक उभा राहिला. कान तसेच लाल, पहिल्या दिवशीसारखे. "तुम्ही काहीतरी लिहून झाकलंत, ते कळलं होतं. हाताने सोलून बघणं म्हणजे चोरी. म्हटलं, कागदानेच स्वतःहून दाखवलं तर... गुंडाळी माझ्या पैशाने आणलीय. काकूंची माफी मागितली, त्यांनी लाटण्याने मारायची धमकी दिली, तीही ऐकून घेतली. आता तुम्ही मारा."

"सोमवारी गाडीत बसणाऱ्या माणसाला मारून काय उपयोग?"

"खाली वाचा ना."

तिच्या ओळीखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती. उपविभागप्रमुखाचं सुबक, सरळ अक्षर.

'आभारी आहे म्हणालो तेही खोटं. आज सकाळी त्यांना फोन करून नाही म्हणालो. — ग्युसोक'

मिरानने ती ओळ दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "आणि आई?"

"परत रडली. आता शेजारणीला काय सांगायचं म्हणून." तो थोडा हसला, मग गंभीर झाला. "सात वर्षं जहाजांचे कागद इकडचे तिकडे केले हो. एकही जहाज आतून पाहिलं नाही. इथे संध्याकाळी निदान भिंत दिसते. आणि भिंतीपाशी... तुम्ही दिसता. पद राहिलं नाही आता माझ्याकडे. काय हाक माराल?"

"बघू," मिरान म्हणाली. डोळे पुसताना तिने भुवईला बादलीतली खळ लावून घेतली, ती बहुतेक चुकून नसावी. "आधी खळ ढवळ, ग्युसोक."

तो जागच्या जागी थबकला. पहिल्यांदाच तिने त्याला नुसत्या नावाने हाक मारली होती. मग पुढे होऊन त्याने तिच्या भुवईवरची खळ पुसली, आणि या वेळी बोट काढायची घाई केली नाही.

फाटका कागद काढून दोघांनी नवा लावला. दोन्ही ओळी आत राहिल्या. तो वर, ती खाली. कोपऱ्यापाशी दोघांचे हात एकदमच पोचले.

दुपारी मुलीची आई आली. भिंतीवरून हात फिरवला, नाकाने हुं केलं, आणि मग दोघांकडे बघत म्हणाली, "आता बरी झाली. काय हो, तुम्ही नवराबायको ना? परवा विचारायचं राहिलं."

ग्युसोकने मिरानकडे पाहिलं. मिरान खिडकीपाशी गेली, तावदान घट्ट ओढून घेतलं, कडी लावली आणि ती नीट बसली की नाही ते दोनदा तपासलं.

"अजून ओलं आहे, काकू," ती म्हणाली. "घाई करू नका. वाळलं की पक्कं बसेल."

तिच्या मागे कोणाचे तरी कान पुन्हा लाल झाले असणार. तिने वळून पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं.